बॅकअपची नोंद आणि नोंदीचा बॅकअप : डेटाबेस-पुनःस्थापनेच्या इतिहासातील एक प्रश्न

कोणत्याही दप्तरखान्यात दोन प्रकारचे कागद आढळतात. ज्यांच्या रक्षणासाठी दप्तरखाना उभारला गेला ते मूळ कागद हा एक प्रकार. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे सांगणाऱ्या याद्या हा दुसरा. याद्या नष्ट झाल्या तर मूळ कागद शाबूत असूनही नसल्यासारखेच होतात. संगणकावरील डेटाबेसांच्या बाबतीतही हाच भेद लागू पडतो. साठवलेल्या माहितीविषयीची जी माहिती, तिला मेटाडेटा म्हणतात. ह्या मेटाडेटाचा एक छोटा विभाग बॅकअपसंबंधी असतो. डेटाबेसची कोणती प्रत केव्हा घेतली, ती कोठे ठेवली, तीत कोठपर्यंतचे बदल समाविष्ट आहेत आणि तिच्यावरून मूळ डेटाबेस पुन्हा उभा करण्यास आणखी काय लागेल, एवढे प्रश्न त्या विभागाने सोडवावयाचे असतात. हे प्रश्न विचारण्याची साधने गेल्या साठ वर्षांत कशी घडत गेली, आणि ती घडत असताना एक मूलभूत अडचण पुनःपुन्हा कशी उद्भवली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ती अडचण अशी की, यादी दप्तरखान्यातच ठेवली तर दप्तरखान्याला लागलेल्या आगीत तीही जळते.

१. फितींचा काळ

चुंबकीय फितींच्या काळात बॅकअप हे स्वतंत्र कार्य नव्हते. जुनी मुख्य फीत आणि दिवसभराच्या व्यवहारांची फीत एकत्र वाचून संगणक नवी मुख्य फीत लिहीत असे. जुनी फीत त्यात बदलत नसे; म्हणून ती आपोआपच बॅकअप ठरे. अशा लागोपाठच्या तीन फितींना आजोबा, बाप आणि मुलगा ह्या नात्यांची नावे देऊन तिन्ही पिढ्या जपून ठेवण्याचा प्रघात होता. कोणती फीत कोणत्या पिढीची हे सांगणारी वही फितींच्या भांडारात असे. शिवाय आयबीएमच्या ओएस/३६० ह्या प्रणालीत प्रत्येक फितीच्या आरंभी तिचा सहा अक्षरांचा क्रमांक, आणि त्यामागून फाइलचे नाव व निर्मितीचा दिनांक लिहिण्याची सोय होती. अर्थात एकाच प्रतीविषयी दोन साक्षी उपलब्ध होत्या. एक साक्ष प्रतीपासून दूर असलेल्या वहीची, दुसरी प्रतीच्याच अंगावर कोरलेली. पुढील साऱ्या इतिहासात ह्या दोन साक्षी वेगवेगळ्या रूपांत भेटतात.

चुंबकीय चकत्या, म्हणजे डिस्का, प्रचारात आल्यावर परिस्थिती पालटली. डिस्केवरील नोंद जागच्या जागी बदलता येते व त्या क्षणी जुने मूल्य पुसले जाते. त्यामुळे आजोबा आणि बाप दोघेही नाहीसे झाले. आता ठरावीक काळाने डेटाबेसची संपूर्ण प्रत मुद्दाम घेणे, आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल क्रमाने लॉगमध्ये टिपणे, ही दोन्ही कामे आवश्यक झाली. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर लॉग ही रोजकीर्द होय आणि डेटाबेस ही खतावणी. खतावणी गहाळ झाली तरी मागील एखादी बिनचूक प्रत व तेथून पुढची अखंड रोजकीर्द हाती असेल तर ती पुन्हा लिहून काढता येते. मात्र कोणत्या प्रतीला कोणत्या दिवसापासूनची रोजकीर्द लागू करावयाची, हे नेमके ठाऊक असावे लागते. बॅकअपच्या मेटाडेटाची खरी गरज येथे निर्माण झाली.

२. आयएमएस आणि रेकॉन

आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेच्या कामासाठी विकसित झाली. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे ती प्रथम कार्यान्वित झाल्याचे मानले जाते. ह्या प्रणालीत प्रती आणि लॉग ह्यांचा हिशेब आरंभी माणसांनीच ठेवावा लागे. शेकडो डेटाबेस व त्यांहून कितीतरी अधिक लॉग-फिती असलेल्या ठिकाणी, रात्रीच्या पाळीतील कर्मचाऱ्याने घाईत चुकीची फीत चढवली की दुरुस्त करावयास घेतलेला डेटाबेस अधिकच बिघडे.

ह्या दोषाच्या निवारणार्थ आयएमएसमध्ये डीबीआरसी नावाचा घटक आला. प्रत्येक लॉग केव्हा उघडला व केव्हा बंद झाला, आणि प्रत्येक डेटाबेसची प्रत केव्हा घेतली गेली, ह्याच्या नोंदी तो रेकॉन नामक स्वतंत्र संचात ठेवतो. एका आज्ञेने ह्या नोंदी पाहता येतात, तर दुसऱ्या आज्ञेने त्यांच्या आधारे पुनःस्थापनेचे कार्यपत्रक यंत्राकडूनच तयार करून घेता येते. तथापि ह्या योजनेतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे रेकॉनची रचना. त्याच्या दोन प्रती एकाच वेळी लिहिल्या जातात आणि एक तिसरी राखीव असते. दोहोंपैकी एक निकामी झाली की राखीव प्रत तिची जागा घेते. नोंदीलाही संरक्षण हवे, हे तत्त्व येथे प्रणालीच्या बांधणीतच मान्य झालेले आहे.

३. सारणीरूप सूची आणि तिचा पेच

एडगर कॉड ह्यांचा संबंधात्मक प्रतिमानावरील निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पायावर उभ्या राहिलेल्या सॅन होजे येथील सिस्टिम आर आणि बर्कले येथील इन्ग्रेस ह्या दोन्ही प्रयोगांत, डेटाबेसमधील सारण्यांचे वर्णनही सारण्यांतच साठवण्यात आले. परिणामी ज्या भाषेत व्यवहाराची माहिती विचारावयाची, त्याच भाषेत डेटाबेसच्या घडणीविषयीही प्रश्न विचारता येऊ लागले. कॉड ह्यांनी १९८५ साली मांडलेल्या बारा नियमांपैकी चौथा नियम ह्याच तत्त्वाचा पुरस्कार करतो.

आयबीएमने १९८३ साली घोषित केलेल्या डीबी२ ह्या प्रणालीच्या सूचीत सिसकॉपी नावाची सारणी आहे. प्रतीचा प्रकार, दिनांक, ती ज्या फाइलीत आहे तिचे नाव आणि लॉगमधील संबंधित स्थान अशा नोंदी तीत असतात. अमुक विभागाची शेवटची संपूर्ण प्रत कोणती व त्यानंतर किती वाढीव प्रती झाल्या, ह्याचे उत्तर एका साध्या एसक्यूएल प्रश्नाने मिळते. वहीचे रूपांतर आता प्रश्नाला उत्तर देणाऱ्या सारणीत झाले होते.

परंतु ह्याच टप्प्यावर पेच उघड झाला. सिसकॉपी ही डेटाबेसमधीलच एक सारणी असल्याने तिचीही प्रत घ्यावी लागते. ती प्रत कोठे आहे हे सिसकॉपीतच लिहिले, तर सिसकॉपी नष्ट झाल्यावर ते वाचावयाचे कसे? डीबी२च्या रचनाकारांनी ह्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिले. सिसकॉपीच्या व तशाच आणखी काही पायाभूत भागांच्या प्रतींची नोंद सिसकॉपीत न होता लॉगमध्ये होते. लॉगच्या फाइलींची यादी बीएसडीएस ह्या निराळ्या संचात असते, आणि तो संच दुहेरी ठेवण्याची सोय आहे. एका नोंदीचा आधार दुसरी व तिचा आधार तिसरी, अशी ही उतरती परंपरा आहे. ती अशा एका स्थानी थांबवावी लागते की जेथील नोंद वाचण्यास अन्य कोणत्याही नोंदीची अपेक्षा राहणार नाही.

४. तीन भिन्न उत्तरे

१९९२च्या एसक्यूएल मानकाने सूचीच्या सारण्यांना एक सर्वमान्य रूप दिले. पण त्यात बॅकअपच्या नोंदींना स्थान मिळाले नाही. त्यामुळे प्रत्येक प्रणालीने आपापला मार्ग शोधला.

ओरॅकलने १९९७ साली आठव्या आवृत्तीत आरमॅन हे साधन आणले. त्याच्या नोंदी डेटाबेसच्या कंट्रोल फाइलीत होतात व त्या ठरावीक दृश्यांमधून विचारता येतात. ही फाइल मर्यादित आकाराची असल्याने जुन्या नोंदींच्या जागी नव्या लिहिल्या जाऊ शकतात. ही मुदत मूळ मांडणीत ७ दिवसांची आहे. दीर्घकाळाचा इतिहास हवा असल्यास रिकव्हरी कॅटलॉग नामक सूची वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवावी लागते. कंट्रोल फाइल व ही सूची दोन्ही गमावल्या, तर कंट्रोल फाइलीच्या स्वयंचलित बॅकअपचा शोध घ्यावा लागतो. त्या बॅकअपच्या नावात डेटाबेसचा ओळख-क्रमांक अंतर्भूत असतो. म्हणून हा क्रमांक अन्यत्र लिहून ठेवण्याचा सल्ला प्रशासकांना दिला जातो. इतक्या प्रगत यंत्रणेच्या तळाशी अखेर कागदावर टिपलेला एक आकडा असू शकतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये सर्व डेटाबेसांच्या बॅकअपचा इतिहास एमएसडीबी ह्या एका वेगळ्या डेटाबेसमध्ये जमा होतो. प्रत्येक प्रतीचा आरंभ व शेवट, तिचा प्रकार, आणि तीत समाविष्ट असलेल्या लॉगचे पहिले व अखेरचे अनुक्रमांक तेथे मिळतात. एका लॉग-बॅकअपचा अखेरचा क्रमांक पुढच्याच्या पहिल्या क्रमांकाशी जुळतो किंवा नाही, हे तपासले की साखळीतील तुटलेला दुवा तत्काळ दिसतो. परंतु एमएसडीबी त्याच सर्व्हरवर असतो. सर्व्हर गेला की तोही जातो. त्यावर उपाय असा की बॅकअपच्या फाइलीतच तिचा शीर्षलेख असतो व तो स्वतंत्र आज्ञेने वाचता येतो. फितीच्या आरंभी लिहिल्या जाणाऱ्या जुन्या लेबलाचाच हा वारसा म्हणावा लागेल.

पोस्टग्रेएसक्यूएलने तिसरा मार्ग पत्करला. २००५ सालच्या ८.० आवृत्तीपासून, जपून ठेवलेल्या लॉगच्या आधारे हव्या त्या क्षणापर्यंत पुनःस्थापना करण्याची सोय तीत झाली. पण घेतलेल्या बॅकअपची यादी सर्व्हर स्वतःजवळ ठेवीत नाही. लॉगची शेवटची फाइल केव्हा साठवली गेली व किती वेळा तो प्रयत्न फसला, एवढे एका दृश्यातून कळते. ही सोय २०१४ साली ९.४ आवृत्तीत आली. २०२०च्या १३व्या आवृत्तीपासून बॅकअपसोबत त्यातील प्रत्येक फाइलीची व तिच्या पडताळणी-अंकाची यादी तयार होऊ लागली. थोडक्यात, येथे साक्ष प्रतीजवळ ठेवली आहे आणि वही राखण्याचे काम बाहेरच्या साधनांवर सोपवले आहे.

५. नोंदीच्या साक्षीचे मोल

इतिहासाच्या अभ्यासकास दस्तऐवजाच्या साक्षीची मर्यादा नवी नाही. एखाद्या ताळेबंदात धान्य कोठारात असल्याचे लिहिले आहे, एवढ्यावरून ते कोठारात होते असे सिद्ध होत नाही. बॅकअपच्या सूचीबाबतही हेच म्हणावे लागते. प्रत घेतली गेली एवढेच सूची सांगते; ती प्रत नंतर कोणी पुसली काय, हे ती आपणहून जाणू शकत नाही. म्हणूनच आरमॅनमध्ये सूचीतील नोंदी प्रत्यक्ष फाइलींशी ताडून पाहणारी आज्ञा आहे. ज्या नोंदीमागील फाइल सापडत नाही तिच्यावर ती तशी खूण करते. फाइल सापडली तरी ती वाचण्याजोगी आहे काय हा प्रश्न उरतोच, आणि त्याची निर्णायक कसोटी प्रत्यक्ष पुनःस्थापना हीच होय.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या संस्थेच्या सेवेत घडलेली घटना ह्या दृष्टीने बोलकी आहे. ती संस्थेने स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली. दुय्यम सर्व्हर नव्याने सिद्ध करण्याच्या प्रयत्नात, मुख्य सर्व्हरवरील सुमारे ३०० जीबी माहिती चुकून पुसली गेली. रोजच्या बॅकअपकडे वळल्यावर असे आढळले की ते जेथे असावयाचे ते भांडार रिकामे होते. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.६ आवृत्तीचा, तर प्रत काढणारा कार्यक्रम ९.२ आवृत्तीचा, त्यामुळे तो प्रत्येक वेळी अयशस्वी होत होता. अपयशाची सूचना देणारी ईमेल-पत्रेही प्रमाणीकरणाच्या अभावी नाकारली जात होती. सुमारे ६ तास आधी दुसऱ्या हेतूने घेतलेल्या एका प्रतीवरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या काळातील माहिती मात्र कायमची गेली.

ह्या घटनेत खोटी नोंद कोणीही केली नव्हती. नोंद नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही, एवढाच दोष होता. सूचीला विचारावयाच्या प्रश्नांत सर्वांत मोलाचा प्रश्न म्हणूनच अभावाचा ठरतो. कोणते बॅकअप झाले, ह्यापेक्षा गेल्या २४ तासांत कोणत्या डेटाबेसचा बॅकअप झाला नाही, असे विचारणे अधिक उपयुक्त असते. त्यासाठी डेटाबेसांची यादी आणि बॅकअपची यादी एकमेकींशी लावून ज्या ओळींना जोड मिळत नाही त्याच काढाव्या लागतात. केवळ बॅकअपच्या सारणीला प्रश्न विचारला तर ज्याचा बॅकअप कधी झालाच नाही तो डेटाबेस उत्तरात येतच नाही.

६. समारोप

फितींच्या भांडारातील वहीपासून सारणीरूप सूचीपर्यंतच्या ह्या प्रवासात साधने पुष्कळ सुधारली. ज्या उत्तरासाठी पूर्वी कपाटे धुंडाळावी लागत ते आज क्षणात मिळते. परंतु प्रश्नाचे मूळ स्वरूप बदललेले नाही. नोंद ज्या वस्तूची आहे तिच्यापासून ती दूर ठेवली आहे काय, आणि वेळोवेळी ती वस्तूशी ताडून पाहिली जाते काय, ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच तिची विश्वसनीयता अवलंबून राहते. रेकॉनची राखीव प्रत, बीएसडीएसचा दुहेरी संच, ओरॅकलची वेगळी सूची आणि कागदावर टिपलेला तो ओळख-क्रमांक ही सारी पहिल्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही प्रणाली आपल्या बांधणीतून कायमचे देऊ शकत नाही. ते प्रत्येक ठिकाणच्या दप्तरदाराला नियमाने, आणि संकट येण्यापूर्वीच, शोधावे लागते.