रखमाबाईंची निनावी पत्रे

१/ जून १८८५. ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये बालविवाहाविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध झाले. खाली सही होती, ‘अ हिंदू लेडी’. या सहीमागे विशीतल्या रखमाबाई होत्या.

२/ त्यांचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. परंतु त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या. १८८४ मध्ये पत्नीचा ताबा मिळावा म्हणून दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला.

३/ पत्नीला पतीगृही धाडता येईल काय, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. अजाण वयात लावलेले लग्न मुलीच्या शिक्षणाचे आणि आयुष्याचे काय करते, हा प्रश्न पत्रात होता. दुसरे पत्र १९ सप्टेंबरला आले. विषय सक्तीचे वैधव्य. दोनच दिवसांनी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला.

४/ त्यानंतर वृत्तपत्रांत रणधुमाळी माजली. ‘इंडियन स्पेक्टेटर’चे बेहरामजी मलबारी सुधारणेच्या बाजूने होते. टिळकांच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कडाडून विरोध केला. हिंदूंच्या धर्माचारात परकीय सत्तेने हात घालू नये, ही त्यांची भूमिका. रखमाबाईंची पत्रे इंग्रजीत होती, तर ‘केसरी’चा प्रतिवाद मराठीत घरोघरी वाचला जात होता. छापखाना एका पक्षाचा कधीच नव्हता.

५/ अपिलानंतर खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : पतीकडे जा, अन्यथा सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

६/ १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. तो एका पत्राचा परिणाम नव्हे; पण त्या वादाला रखमाबाईंच्या खटल्याने धार आणली. त्या स्वतः लंडनला वैद्यकशास्त्र शिकल्या व पुढे सुरतेत डॉक्टर म्हणून रुग्णसेवा केली.

७/ ‘वृत्तपत्रांनी स्त्रियांना न्याय मिळवून दिला’ हे वाक्य म्हणून जपून वापरावे. स्त्रियांच्या प्रश्नांवर पुरुष संपादक दोन्ही बाजूंनी लिहीतच होते. रखमाबाईंच्या पत्रांनी त्या वादात जिच्यावर वेळ आली तिची साक्ष आणली, आणि ती देण्यासाठी तिला आपले नाव झाकावे लागले.