शांता आपटे: नीराचं बंड आणि फाटकावरचं उपोषण

सिनेमाच्या इतिहासावर प्रस्ताव लिहायला बसलात की एक वाक्य हमखास सुचतं: ‘अभिनेत्रीला तिचा आवाज सापडला.’ थांबा जरा. कुठे सापडला? पडद्यावर की कराराच्या कागदावर?

शांता आपटेंचंच बघा. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी नीरा केली. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावलेली, पण त्याला नवरा मानायला साफ नकार देणारी. भूमिका जबरदस्तच! पण कथा ना. ह. आपटेंची, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं आणि शांताबाई ‘प्रभात’च्या पगारी कलावंत. म्हणजे नीराचं बंड शांताबाईंच्या खात्यावर सरळ जमा करता येत नाही, कितीही मोह झाला तरी.

त्यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर पुढे यावं लागतं. १९३९ मध्ये कंपनीशी झालेल्या वादातून त्या पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकावर उपोषणाला बसल्या. (आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे.) १९४० मध्ये त्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आलं. नटीचं पुस्तक म्हणून आठवणी आणि किस्से शोधायला जाल तर फसाल. त्यात धंद्याची चिकित्सा आहे: मालकांचं भांडवल, काम करणाऱ्यांची दमणूक.

माझं मत विचाराल तर आधी हे पुस्तक वाचा, मग उपोषणाच्या बातम्या काढा आणि ‘कुंकू’ सगळ्यात शेवटी बघा. नीरामध्ये लेखकाचं किती, दिग्दर्शकाचं किती आणि शांताबाईंचं किती, हे तेव्हा कुठे विचारता येतं.