कातीव खांब

साठी उलटल्यावर मी लेथवर लाकूड कातायला शिकले म्हटलं की बायका आधी हसतात, मग विचारतात, "का ओ, घरी लाटणं नव्हतं काय?" होतं की! ते मोडलं म्हणूनच बेळगावातल्या एका म्हाताऱ्या कातारीमामांकडे गेले, आणि तिथेच स्टूल ओढून बसले. तेव्हापासून सूर्यास्ताआधीचं जेवण सांभाळून रोज दुपारचे दोन तास तिकडे.

मामा म्हणाले, "अक्का, पटाशी दाबू नका. नुसती टेकवून धरा, लाकूड तुमच्याकडं येतंय." त्यांच्या वडिलांच्या काळी मोटार नव्हती. जमिनीवर बसायचं, एका हाताने धनुकली ओढायची, दुसऱ्या हातात पटाशी, आणि तिला पायाच्या अंगठ्याचा टेकू. धनुकली पुढे गेली की लाकूड एका अंगाने फिरे, मागे आली की उलट. कापायचं ते फक्त एकाच फेऱ्यात. कातारी, कातणे, कातीव, हे आपले शब्द याच कामातले. आपण मात्र नाकडोळ्यांनाच कातीव म्हणत आलो.

दोनेक महिन्यांनी एका चतुर्दशीला किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेले. नेमिनाथांचं दर्शन झालं आणि लहानपणापासून ज्यांना टेकून बसले त्या खांबांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. गोल कडी, मग खोल खाच, मग पुन्हा कडी. धार आत शिरते तिथली ती तीक्ष्ण कड मी आदल्याच दिवशी लाकडावर काढायला गेले होते आणि लाकूड फाडून बसले होते. हे खांब कातलेले आहेत! चालुक्य काळापासून आपल्या भागात मऊ शिळा अशी फिरवून कातत. गदगजवळच्या लक्कुंडीत दानचिंतामणी अत्तिमब्बेने 1007 साली जिनालय बांधवलं, तिथेही असे खांब आहेत. बेळगावची बस्ती 1204 ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने उभारलेली. त्या काळचा शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बिचिराज आम्हांला पाठ, अत्तिमब्बे तर आम्हा बायकांचा अभिमान. पण एवढी शिळा तोलून फिरवणारे, तिला धार लावणारे कोण होते, हे मला आजवर विचारावंसंही वाटलं नव्हतं.

आणि इथेच मनात एक काटा रुतला. बस्ती उभी राहण्याच्या काही दशकं आधी हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त श्रावकाने टाळायची 15 कर्मादानं सांगितली. ग्रंथ श्वेतांबर परंपरेतला, पण त्यातली शिकवण आमच्या दिगंबर घरांतही परकी नाही. त्यात वनकर्म आहे, म्हणजे झाडं तोडणं. स्फोटकर्म आहे, त्यात दगड फोडणंही आलं. म्हणजे बस्ती हवी, पण ती घडवणाऱ्याचा धंदा श्रावकाने करायचा नाही. ते पाप कुणीतरी दुसऱ्याने आपल्यासाठी उचलायचं का? पंडितजींना विचारलं, तर ते म्हणाले, हिंसा कमी करण्याचा तो मार्ग आहे. उत्तर खोटं नाही. पण पुरतंही नाही.

त्याच यादीत लाक्षावाणिज्य आहे. नातवासाठी भोवरा कातला तेव्हा मामांनी लाल लाखेची कांडी पुढे केली. फिरत्या लाकडावर ती दाबली की घर्षणाने तापून वितळते, मग केवड्याच्या पानाने पसरवली की आरशासारखी चमकते. चन्नपट्टणची खेळणी अशीच रंगतात. पण लाख म्हणजे किड्याचा स्राव. फांदी खरवडताना त्याच्याबरोबर किडेही जातात. माझा हात पुढे होईना. मामा काही बोलले नाहीत, जवसाचं तेल दिलं.

नातू रुसला. "आजी, हा भोवरा आजारी दिसतोय."

त्या रात्री आईच्या पाटल्या कपाटातून काढल्या. पोकळ सोन्याच्या आहेत, आत लाख भरलेली. चाळीस वर्षं त्या घालून मी बस्तीत जात होते. परत ठेवून दिल्या, पण अजून घातल्या नाहीत.

सध्या बस्तीतल्या चौरंगाचे पाय कातते आहे, जुन्या दाराच्या सागवानातून, बिनलाखेचे. तीन झाले. चौथा जरा बारीक आला आहे, तो परत करावा लागेल.