पत्नीचे शिक्षण आणि पतीची प्रतिष्ठा : आनंदी-गोपाळ दांपत्याचा पुनर्विचार

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील सुधारकांच्या घरांत पत्नीचे शिक्षण हा प्रतिष्ठेचा विषय बनला. शिकलेली पत्नी हे पतीच्या सुधारकत्वाचे दृश्य प्रमाण मानले जाई. मात्र तेच ज्ञान तिच्या स्वतःच्या आत्मसन्मानाचा आधार बनते, तेव्हा पतीच्या अभिमानाचे काय होते? डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) व गोपाळराव जोशी यांच्या सहजीवनाच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन

१८७४ साली नऊ वर्षांच्या यमुनेचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या, विधुर गोपाळरावांशी झाला. तिचे नाव 'आनंदी' झाले. तिने शिकावे हे गोपाळरावांनी ठरविले आणि अभ्यासासाठी मारहाणही केली. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या काही दिवसांत दगावले. पुढे १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे केलेल्या भाषणात, आपण वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस का जात आहोत, हे आनंदीबाईंनी स्वतः मांडले. पतीने पाहिलेले स्वप्न येथे पत्नीचा निर्णय झालेले दिसते.

त्या एकट्याच अमेरिकेस गेल्या. तेथून पतीस लिहिलेल्या पत्रात त्यांनी पूर्वीच्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत दिली आणि शिक्षणाचे ऋणही मान्य केले. कृतज्ञता व स्वाभिमान यांची ही एकत्र उपस्थिती महत्त्वाची आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली, तेव्हा गोपाळराव व पंडिता रमाबाई उपस्थित होते. गोपाळरावांचा संकल्प सिद्धीस गेला होता. तरीही अमेरिकेतील त्यांच्या वक्तव्यांत समाधानापेक्षा कडवटपणाच अधिक आढळतो. शिष्येस आता गुरूची गरज उरली नव्हती, हे त्यामागील एक कारण असावे.

समारोप

मायदेशी परतल्यावर, कोल्हापूर येथील रुग्णालयात स्त्री-विभागाचे काम हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे क्षयाने निधन झाले. पुढे श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीने 'आनंदी गोपाळ' हे जोडनाव मराठी मनात रुजविले. त्यामुळे आनंदीबाईंचे यश आजही पुष्कळदा पतीचे कर्तृत्व म्हणून सांगितले जाते. पत्नीच्या अंगावरील दागिना पतीचे वैभव मिरवितो. ज्ञान मात्र मिळविणाऱ्याचेच होते. म्हणूनच हे दांपत्य वर्गात शिकविताना काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र आणि आनंदीबाईंची पत्रे प्रथम विद्यार्थ्यांपुढे ठेवणे इष्ट ठरेल.