मीठ, लोकल आणि कॉर्टिसॉल

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील भाईंदर, नवघर, मीरे, राई, मुर्धे, उत्तन या गावांचा दिवस दीर्घकाळ समुद्राने ठरवला. उधाणाचे पाणी मिठागरात घ्यायचे, ते वाफ्यावाफ्यांतून फिरवत उन्हात आटवायचे आणि मिठाचा दाणा धरला की ओढून राशी लावायच्या, हे आगरी कष्टकऱ्यांचे काम पावसाळा सरल्यावर सुरू होई आणि पुढच्या पावसापर्यंत चाले. उत्तनच्या कोळ्यांच्या होड्याही भरती-ओहोटी पाहूनच निघत. त्या जगण्यात कष्ट होते, कर्ज होते, पांढऱ्या मिठावरून परतणाऱ्या उन्हाने जळणारे डोळे होते, म्हणून ते सुखाचे होते असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. परंतु कामाचे ते वेळापत्रक पिढ्यानपिढ्या माहीत असलेले होते आणि पाणी आटायला लागणारा वेळ कोणालाही घाईने कमी करता येत नव्हता.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. ती दिवसाला जाण्यायेण्याची एकच फेरी होती. विजेवरील गाड्या विरारपर्यंत पोहोचल्या त्या १९३६ साली. तरीही मीठ, मासे आणि भातशेती यांवरच हा परिसर आणखी काही दशके जगत राहिला. बदल आला तो मुंबईतील घरे नोकरदारांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर, आणि १९८२ च्या कापड गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडू लागल्यावर. १९८५ साली येथे मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मीरा रोडच्या नया नगरात आली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. दरम्यान, २००२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. घरे येथे आणि रोजगार चाळीस किलोमीटर दक्षिणेला, अशी विभागणी झालेल्या या शहरात दिवसाची सुरुवात आता उधाणावर नव्हे, तर इंडिकेटरवर ठरू लागली.

विजेची गाडी विरारला आली त्याच १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये या संशोधकाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम किंवा विषारी द्रव्य यांपैकी काहीही सोसावे लागले तरी उंदरांच्या शरीराची प्रतिक्रिया ठरावीकच असते आणि तिच्यात अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी, आकाराने वाढतात, असे त्याने दाखवले. आज मराठीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ताण’ या शब्दाचा वैद्यकीय अर्थ या धाग्यातून आला. पुढे उलगडलेली यंत्रणा अशी: संकट जाणवताच मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती अधिवृक्क ग्रंथींना चेतवते आणि त्यांच्यातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून दूरच्या अवयवांना आज्ञा पोहोचवणारे रसायन, स्रवते. रक्तातील साखर वाढवून ते शरीराला सामना करण्याचे बळ देते आणि पुरेसे झाले की स्वतःच मेंदूला थांबण्याची खूण करते. निरोगी माणसात ते पहाटे चढते, जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली उतरते. कॉर्टिसॉललाही भरती-ओहोटी आहे, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सत्य आहे. लोकप्रिय लेखनात त्याला नुसते विष ठरवले जाते, ते चूक आहे.

नैराश्याशी कॉर्टिसॉलचा संबंध औषधातूनही लक्षात आला. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांना त्याचाच सगोत्र कॉर्टिसोन देण्यात आला, तेव्हा सांधे सुटले, पण काहींची मनःस्थिती मात्र अतिउत्साहाकडे किंवा खिन्नतेकडे ढळली. १९६८ साली बर्नार्ड कॅरोल यांनी दाखवले की तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत डेक्सामेथासोन हे कृत्रिम संप्रेरक देऊनही कॉर्टिसॉल दबत नाही, म्हणजे थांबण्याची खूण मेंदू मानत नाही. आणि १९७३ मध्ये एडवर्ड सॅकर यांच्या गटाने चोवीस तासांची मोजणी करून अशा रुग्णांत रात्रीची ओहोटीच नीट येत नसल्याचे नोंदवले. डेक्सामेथासोनची चाचणी निदानासाठी सर्वत्र वापरावी अशी आशा मात्र फसली, कारण नैराश्याच्या कित्येक रुग्णांत कॉर्टिसॉल सामान्यच आढळते. म्हणून कॉर्टिसॉल हे नैराश्याचे एकमेव कारण नव्हे. दीर्घ ताण ज्या वाटांनी मनापर्यंत पोहोचतो, त्यांपैकी ती एक वाट आहे.

कामकरी माणसाच्या बाबतीत ही वाट कोठून सुरू होते, याचे उत्तर १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडले: अपेक्षा मोठी आणि स्वतःच्या हाती निर्णय थोडे, ही जोडी मनाला सर्वाधिक शिणवते. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी मोजले, तेव्हा प्रवास जितका लांब तितके ते अधिक आढळले. त्यांच्या गटाच्या आधीच्या अभ्यासात प्रवासाची अनिश्चितताही ताण वाढवताना दिसली होती. भाईंदरहून चर्चगेटपर्यंतचे ४३ किलोमीटर, दारात लोंबकळणारी गर्दी आणि चुकलेल्या गाडीमुळे हजेरीपटावर पडणारा लेटमार्क यांत प्रवासाची लांबी, अनिश्चितता आणि हाती नसलेले निर्णय हे तिन्ही घटक एकत्र येतात. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत झालेल्या सात स्फोटांपैकी एक मीरा रोडजवळ झाला. अशा आघाताचा शारीरिक ठसा रोजच्या ताणापेक्षा वेगळा असतो; आघातोत्तर विकारात कॉर्टिसॉल अनेकदा वाढण्याऐवजी कमी आढळते, आणि या दोहोंची गल्लत उपचारात महागात पडते.

उपचारांचा इतिहासही मुंबईच्या लोहमार्गांलगतचाच आहे. गिरणगावातील केईएम रुग्णालयाच्या मनोविकार विभागात डॉ. एन. एस. वहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या संकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती चिंताग्रस्त व मनोकायिक रुग्णांवर तपासून १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली, आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. परंतु भाईंदरच्या नोकरदाराने दवाखान्याआधी स्वतःचा एक उपाय शोधला होता, आणि आरोग्याच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेला ग्रुप. टाळ घेऊन बसलेली भजनी मंडळी, महिलांच्या डब्यात संध्याकाळच्या भाजीची निवडानिवड, हळदीकुंकू, तिघांच्या बाकावरील चौथ्या सीटवर आळीपाळीने बसणे, दसऱ्याला डब्याला बांधलेली झेंडूची तोरणे. सोबतीची माणसे असताना ताणाला शरीराचा प्रतिसाद सौम्य होतो, असे प्रयोगांतून दिसले आहे; या प्रथांनी वेळापत्रकावर नव्हे, तरी त्यातील एका तासावर प्रवाशांची सत्ता प्रस्थापित केली. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे लोकल थांबल्या, जूनपासून त्या सुरुवातीला केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावल्या आणि लसीचे दोन्ही डोस घेतलेल्या प्रवाशांना डब्यांची दारे १५ ऑगस्ट २०२१ रोजी उघडली. मधल्या काळात मीरा-भाईंदरच्या हजारो घरांतून प्रवास नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर तो ग्रुपही.