जिमखान्यावरचे ते चार दिवस

खेळाचा इतिहास म्हणजे बहुधा खेळाडूंचा इतिहास असतो. धावा कोणी काढल्या, गडी कोणी टिपले, याची नोंद धावपुस्तकात राहते. परंतु दोरीच्या अलीकडे, डिसेंबरच्या उन्हात बसून जो सामना पाहतो, त्या प्रेक्षकाची नोंद कोण ठेवणार? आज अशाच एका प्रेक्षकाविषयी, म्हणजे १९३३ सालच्या मुंबईकर प्रेक्षकाविषयी, मी चार शब्द सांगणार आहे.

त्या वर्षी १५ ते १८ डिसेंबर या चार दिवसांत हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना मुंबईस झाला. इंग्लंडने तो नऊ गडी राखून जिंकला. असे असूनही मुंबईने त्या सामन्याची आठवण पराभवाची म्हणून ठेवली नाही; एखाद्या उत्सवाची ठेवावी तशी ठेवली. हे कसे घडले, हे समजण्यास आधी ते मैदान पाहिले पाहिजे.

सामना झाला तो बॉम्बे जिमखान्यावर. हा जिमखाना १८७५ साली स्थापन झाला, आणि १९३३ सालीही त्याचे सभासदत्व हिंदी माणसास मिळत नसे. त्याच्या लगतच्या मोकळ्या मैदानावर हिंदी मुले क्रिकेट खेळत. गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी ती जमीन खणून निघे, म्हणून हिंदी खेळाडूंनी १८८१ साली सरकारकडे अर्ज केला होता. त्या झगड्याची हकिकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली ग्रंथरूपाने लिहून ठेवली आहे. तेव्हा गिरगावाहून ट्रामने आलेला एखादा कारकून जेव्हा तिकीट काढून त्या आवारात शिरे, तेव्हा तो आपल्याच शहरात पाहुणा असे. तंबू व शामियाने उभारलेले. कोणी कोठे बसावे हे ठरलेले. आणि समोर तो टुमदार क्लब, ज्याच्या सज्जात त्याला पाऊल टाकता येत नसे.

ही झाली गोरा आणि काळा यांमधील भिंत. दुसरी भिंत प्रेक्षकांच्या आपसांत होती. १९१२ सालापासून चौरंगी सामने सुरू झाले होते: युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ. मुंबईचा रसिक क्रिकेट पाहावयास शिकला तो याच सामन्यांत. खेळाची जाण, चांगल्या फटक्याला दाद देण्याची रीत, सारे त्याने येथेच मिळवले. पण ‘आपला संघ’ म्हणजे आपल्या जमातीचा संघ, हेही तो येथेच शिकला. एकाचा गडी बाद झाला की दुसऱ्याच्या तंबूत टाळ्या पडत.

अशा प्रेक्षकापुढे १५ डिसेंबरच्या सकाळी जे अकरा खेळाडू आले, ते कोणाचे होते? नायक कर्नल सी. के. नायडू. याच मैदानावर १९२६ साली एम. सी. सी.च्या गोलंदाजीवर अकरा षटकार मारून त्यांनी १५३ धावा काढल्या होत्या, त्या कित्येकांना आठवत होत्या. यष्टीमागे जनार्दन नवले. मुंबईचे विजय मर्चंट आणि एल. पी. जय. पारशांपैकी कोला आणि एक्केचाळिसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळणारे जमशेदजी. महंमद निसार आणि वझीर अली. अमरसिंग आणि त्यांचे बंधू रामजी. आणि बावीस वर्षांचे लाला अमरनाथ. चौरंगीतील तीन तंबू येथे एका संघात आले होते. १९३२ साली लॉर्ड्‌सवर असा संघ उतरला होता खरा, पण तो मुंबईने वर्तमानपत्रांतून वाचला होता. डोळ्यांनी पाहिला तो आता.

समोर इंग्लंडचे नायक डग्लस जार्डिन. ऑस्ट्रेलियात अंगावर गोलंदाजी करवून त्यांनी आदल्याच हंगामात वादळ उठवले होते. आणि गंमत अशी, की त्यांचा जन्म १९०० साली मुंबईतच, मलबार हिलवर झालेला!

खेळ मात्र आपल्या बाजूने वळेना. आपल्या २१९ धावा झाल्या. त्यांत सर्वांत अधिक ३८ अमरनाथांच्या. इंग्लंडने ४३८ केल्या. व्हॅलेंटाइनने पहिल्याच कसोटीत १३६ धावा काढल्या. निसारांनी नव्वद धावांत पाच गडी टिपले. दुसऱ्या डावाच्या आरंभी आपण २१९ धावांनी मागे होतो, आणि २१ धावांत दोघे बाद झाले.

तो १७ डिसेंबर, रविवारचा दिवस. नायडूंच्या जोडीस अमरनाथ आले आणि ते दडपून खेळू लागले. दोन तासही झाले नाहीत, तोच त्यांची शंभरी भरली. हिंदी खेळाडूचे हे पहिले कसोटी शतक.

त्या क्षणी प्रेक्षकाने दोरी ओलांडली. लोक मैदानावर धावले. अमरनाथांच्या गळ्यात हार पडले. स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिल्याचे सांगतात. असेही सांगतात, की नायडू भान विसरून आपली जागा सोडून अभिनंदनास पुढे गेले, आणि इंग्लंडच्या खेळाडूंनी उमदेपणाने त्यांना धावबाद केले नाही.

श्रोतेहो, या गर्दीला बंड म्हणण्याचा मोह होतो. पण तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. हे लोक क्लब जिंकावयास गेले नव्हते. ते एका लाहोरकडच्या तरुणाला कडेवर घ्यावयास गेले होते. पण ज्या हिरवळीवर त्यांना मज्जाव होता, तिच्यावर ते कोणाची परवानगी न विचारता उभे राहिले. आणि शेजारी धावणारा कोणत्या तंबूतून आला, हे विचारण्यास कोणाला उसंत नव्हती. ‘आपला’ या शब्दाचा अर्थ त्या सायंकाळी मुंबईत मोठा झाला, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी स्वप्न उतरले. १८६ धावांची ती भागी २०७ वर फुटली. अमरनाथ ११८ वर बाद झाले, आणि सारा डाव २५८ वर आटोपला. इंग्लंडला हव्या होत्या अवघ्या चाळीस धावा. त्या त्यांनी एक गडी गमावून केल्या.

त्या सायंकाळचा धडा टिकला काय? लगेच तरी टिकला नाही. चौरंगी सामने १९३७ साली पंचरंगी झाले. त्याच वर्षी नव्या ब्रेबॉर्न क्रीडांगणावर जागांच्या वाटणीवरून हिंदू जिमखान्याने अंग काढून घेतले. १९४० साली गांधीजींनी जातवार सामन्यांविषयी नापसंती दाखवली. तरी ते थांबण्यास १९४६ उजाडले. पुढे देशाचीच वाटणी झाली. निसार आणि वझीर अली पाकिस्तानचे झाले, आणि अमरनाथ १९४७-४८ साली स्वतंत्र हिंदुस्थानचे नायक होऊन ऑस्ट्रेलियास गेले.

म्हणूनच त्या रविवारचे मोल मला अधिक वाटते. प्रेक्षकाच्या हाती बॅट नसते, निकालही नसतो. टाळी कोणासाठी वाजवावी, एवढेच त्याच्या हाती असते. त्या दिवशी मुंबईकराने ती योग्य माणसासाठी, योग्य कारणाने वाजवली. सामना हरला, पण प्रेक्षक हरला नाही.