झिनोव्ही गेर्ड्ट : पडद्यामागचा राजा लिअर

ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांचा ‘राजा लिअर’ हा रशियन चित्रपट शेक्सपिअरच्या उत्कृष्ट चित्ररूपांतरांमध्ये गणला जातो. बोरिस पास्तरनाक यांचा अनुवाद, शोस्ताकोविच यांचे संगीत आणि लिअरच्या भूमिकेत एस्तोनियाच्या रंगभूमीवरील नट युरी यार्वेत, असा हा योग होता. यार्वेत यांची मातृभाषा मात्र रशियन नव्हती. त्यामुळे १९७१ साली रशियन प्रेक्षकांनी ऐकलेला लिअरचा आवाज त्यांचा नव्हता. तो झिनोव्ही गेर्ड्ट यांचा होता. जगातील एका मोठ्या भूमिकेचा अर्धा वाटा या कलावंताने चेहरा न दाखवता पेलला.

गेर्ड्ट यांचा जन्म २१ सप्टेंबर १९१६ रोजी सेबेझ या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव झाल्मान ख्रापिनोविच. गेर्ड्ट हे त्यांनी पुढे स्वीकारलेले नाव. तरुणपणी मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या बांधकामावर विजेची कामे करीत असतानाच ते कामगार-युवकांच्या नाट्यपथकात दाखल झाले. त्यानंतर नाटककार अलेक्सेई अर्बुझोव्ह आणि दिग्दर्शक व्हालेन्तिन प्लुचेक यांच्या नाट्यसंस्थेत त्यांनी उमेदवारी केली. १९४१ साली युद्ध सुरू झाले आणि ते सैन्यात भरती झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये खारकोव्हजवळ त्यांच्या पायाला गंभीर जखम झाली. अकरा शस्त्रक्रियांनंतर पाय वाचला, पण तो आठ सेंटिमीटरने आखूड झाला. रंगमंचावर नायक म्हणून उभे राहण्याचा मार्ग जवळजवळ बंदच झाला.

याच काळात रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी झालेला सर्गेई ओब्राझ्त्सोव्ह यांच्या बाहुलीनाट्याचा प्रयोग त्यांनी पाहिला. कलावंत पडद्याआड राहतात, त्यांची चाल कोणाला दिसत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाने टिपली. १९४५ साली ते मॉस्कोच्या मध्यवर्ती बाहुलीनाट्यगृहात रुजू झाले आणि १९८२ पर्यंत तेथेच राहिले. परंतु हे काम सोपे नव्हते. आपल्याकडील कळसूत्री बाहुल्या वरून दोऱ्यांनी नाचवतात. येथे कलावंताला पडद्याखाली उभे राहून काठ्यांच्या आधाराने बाहुली डोक्यावर तोलून धरावी लागे. अधू पायाने त्यांनी हे सदतीस वर्षे केले.

या नाट्यगृहाचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे १९४६ साली रंगमंचावर आलेली संगीत-मैफलींची विडंबिका, जी पुढे ‘असामान्य मैफल’ या नावाने प्रसिद्ध झाली. तीतील पोकळ डौल मिरवणारा बाहुला निवेदक गेर्ड्ट यांच्या आवाजाने अमर झाला. परदेश दौऱ्यांवर ते त्या निवेदकाची भाषणे त्या त्या देशाच्या भाषेत पाठ करून म्हणत.

चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला हाच अनुभव उपयोगी पडला. सोव्हिएत पद्धतीत चित्रपटाचे लहान लहान तुकडे पुन्हा पुन्हा पडद्यावर दाखविले जात. संवादलेखक मूळ नटाच्या ओठांच्या हालचालींशी जुळतील असे शब्द बसवी आणि आवाज देणाऱ्याला श्वास, विराम व भावना त्याच मापात बसवाव्या लागत. दुसऱ्याच्या देहात स्वतःचा प्राण ओतण्याची ही कला गेर्ड्ट बाहुल्यांकडून शिकले होते. ‘फाँफाँ ला त्युलिप’ या फ्रेंच चित्रपटाच्या रशियन आवृत्तीतील त्यांचे मिश्कील निवेदन एका पिढीच्या कानांत राहिले. ‘कप्तान व्रुंगेल’ या १९७६–७९ च्या व्यंगचित्रमालिकेतील कप्तानाचा आवाजही त्यांचाच.

चेहरा लोकांपुढे आला तो उशिरा. ‘किनोपानोरामा’ या दूरदर्शन कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या सूत्रसंचालकांमध्ये ते होते. १९६७ सालच्या ‘जादूगार’मध्ये त्यांनी प्रमुख भूमिका केली, तर १९६८ साली ‘सोनेरी वासरू’ या इल्फ-पेत्रोव्ह यांच्या कादंबरीवरील चित्रपटातील पानिकोव्हस्की हा केविलवाणा लबाड घराघरात पोहोचला. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. बाहुलीनाट्यगृह सोडल्यावर ते येरमोलोवा नाट्यगृहात गेले आणि उतारवयात माणसांच्या रंगभूमीवर स्वतःच्या चेहऱ्यानिशी उभे राहिले. १९९० साली त्यांना ‘सोव्हिएत संघाचे लोककलावंत’ हा सर्वोच्च किताब मिळाला.

सप्टेंबर १९९६ मध्ये त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त समारंभ झाला. आजाराने ते पुरते खंगले होते. तरीही ते रंगमंचावर आले आणि दाविद सामोइलोव्ह यांची कविता त्यांनी म्हटली. दोनच महिन्यांनी, १८ नोव्हेंबर रोजी, मॉस्कोत त्यांचे निधन झाले. युद्धाने त्यांच्याकडून चाल हिरावून घेतली होती. आवाज मात्र अखेरपर्यंत त्यांच्याजवळ राहिला.